पाते एकीकडचे, मूठ दुसरीकडची

खानदेशात जुनी तलवार भेटण्याची दोन हमखास ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे दसऱ्याला देवघरापुढे मांडलेला पाट. विळा, कोयता, नांगराचा फाळ, अलीकडे ट्रॅक्टरची किल्लीही, आणि त्यांच्या शेजारी झेंडूची माळ घातलेली पणजोबांची तलवार. दुसरे म्हणजे लग्नाचा मांडव. नवरदेवाच्या हातात तलवार किंवा कट्यार हवीच. घरात नसेल तर भाऊबंदांकडून मागून आणायची, तिथेही नसेल तर भाड्याने मिळते. भाड्याच्या तलवारीला इतिहास नसतो. पाटावरच्या तलवारीला असतो, पण तो बहुधा चुकीचा सांगितला जातो. दहातल्या नऊ घरांत ती थेट शिवाजी महाराजांच्या काळातली असते, आणि उरलेल्या एका घरात पानिपतावरून आलेली.

प्रत्यक्षात धुळे-जळगाव पट्ट्यातल्या वाड्यांत आणि गढ्यांत उरलेल्या तलवारी बहुतेक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या किंवा त्यानंतरच्या असतात. हे सांगितले की घरातल्यांचे चेहरे पडतात. खरे तर खानदेशासाठी अठरावे शतक हेच सर्वांत धामधुमीचे. पुण्याहून उत्तरेकडे निघणाऱ्या फौजांना तापी आणि पुढे नर्मदा ओलांडावीच लागे. 1728 च्या पालखेड मोहिमेत पहिल्या बाजीरावांच्या घोडदळाने हा मुलूख तुडवला आणि निजामाला पळता भुई थोडी केली. 1740 मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो नर्मदाकाठच्या रावेरखेडीला, म्हणजे सातपुडा ओलांडला की पलीकडेच. 1752 च्या भालकीच्या तहाने खानदेश आणि बागलाणचा मोठा भाग निजामाकडून मराठ्यांकडे आला, 1760 मध्ये उदगीरच्या विजयानंतर अशीरगड आणि बुऱ्हाणपूरही. पारोळ्याचा भुईकोट किल्ला जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 मध्ये बांधला, तो याच घडामोडींच्या काळात. एवढी माणसे शस्त्रे घेऊन शंभर वर्षे ये-जा करत राहिली तर गावागावांत तलवारी उरणारच.

आता संग्राहकाची पहिली अडचण. युरोपातल्या लष्करी तलवारी जमवणाऱ्याचे काम सोपे असते. इंग्रजांनी 1788 मध्ये घोडदळाच्या तलवारींचा अधिकृत नमुना ठरवला, 1796 मध्ये तो बदलला. पाते किती लांब, मूठ कशी, म्यान कशाचे, सगळे ठरलेले. कारखानदाराचा शिक्का पाहिला, माप घेतले, नमुन्याशी ताडून पाहिले की तलवार साधारण कोणत्या वर्षांतली ते कळते. मराठी फौजेत असे काही नव्हते. घोडा सरकारचा असेल तो बारगीर. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. ते हत्यार वडिलांचे असे, सासऱ्याने दिलेले असे, बाजारात घेतलेले असे किंवा शत्रूच्या अंगावरून काढलेले असे. एकाच पागेतल्या पन्नास स्वारांच्या पन्नास तलवारी वेगवेगळ्या. म्हणून आपल्याकडे नुसत्या घाटावरून साल सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून तलवार घेऊ नये.

दुसरी अडचण याहून मोठी, आणि मला विचाराल तर हीच या छंदातली खरी गंमत. आपल्या तलवारीचे पाते आणि मूठ ही दोन वेगळी चरित्रे असतात. पात्याचा मुठीत शिरणारा दांडा आखूड असतो. मुठीच्या पोकळीत वितळलेली राळ किंवा लाखेचे मिश्रण ओतायचे आणि तो दांडा त्यात बसवायचा. थंड झाले की दगडासारखे पक्के. मूठ तापवली की राळ मऊ होते आणि पाते सुटून हातात येते. त्यामुळे कुऱ्हाडीचा दांडा बदलावा इतक्या सहज तलवारीची मूठ बदलली जाई. लढाईत मूठ चेपली, नवी बसवली. मालकाला बढती मिळाली, त्याच पात्याला चांदीच्या नक्षीची मूठ आली. पाते झिजून कामातून गेले, पण आजोबांची मूठ टाकवेना, म्हणून तीत दुसरे पाते आले. सतराव्या शतकातले पाते, अठराव्या शतकातली मूठ आणि विसाव्या शतकात मखमल लावलेले म्यान, अशी तलवार मी खोटी म्हणणार नाही. ती वापरात राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

पात्यांचा प्रवास तर समुद्रापलीकडून सुरू होतो. मराठ्यांची सरळ पात्याची तलवार म्हणजे धोप. तिला युरोपातून आलेले पाते असले की ती फिरंग. जर्मनीतल्या झोलिंगेनची आणि इटलीतली पाती पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि इथे त्यांना देशी मूठ चढे. पात्यावर धावणारा लांडगा कोरलेला असेल तर ती झोलिंगेनची परंपरागत खूण. दात्यांसारख्या रेघा असलेल्या दोन चंद्रकोरी समोरासमोर असतील तर ती जेनोव्हाची. पण लगेच हुरळून जायचे कारण नाही. या खुणा इतक्या नावाजल्या होत्या की आपल्या लोहारांनी त्या सर्रास उचलल्या. झोलिंगेनवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे! आंद्रेआ फेरारा हे इटालियन कारागिराचे नाव त्याच्या मृत्यूनंतरही शेकडो पात्यांवर ठोकले गेले. शिक्का हा पुरावा नसतो, तो दावा असतो.

उलट दिशेचा एक किस्सा इंग्रजांनीच लिहून ठेवला आहे. बालाक्लाव्हाच्या लढाईत 1854 मध्ये पडलेला लुई नोलन हा घोडदळाचा अधिकारी. त्याआधी वर्षभर, 1853 मध्ये, त्याचे घोडदळावरचे पुस्तक आले होते. निजामाच्या बिनकवायती स्वारांनी एका चकमकीत केलेल्या जखमा त्याला चकित करून गेल्या. एका घावात हात वेगळा, एका घावात मुंडके. या तलवारी कुठल्या म्हणून चौकशी केली, तर त्या इंग्रज घोडदळानेच टाकून दिलेल्या पात्यांच्या निघाल्या! स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि त्या लाकडी म्यानात ठेवल्या होत्या. इंग्रजांची म्याने पोलादी. तलवार आतबाहेर करताना, घोड्याच्या चालीने हिंदकळताना धार आतल्या आत मरून जाई. आपले म्यान लाकडाचे, वरून चामडे चढवलेले. शिवाय हे स्वार लढाईखेरीज तलवार उगाच उपसत नसत. पाते तेच, पण जपणूक वेगळी.

आता एखादी तलवार हातात घेऊन पाहू. पुष्कळांना पहिल्यांदा वाटते की मूठ फार लहान आहे. पंजा आत मावत नाही, बोटे दाटतात. यावरून त्या काळची माणसे बुटकी होती असा शोध लावणारे महाभाग अनेक वस्तुसंग्रहालयांत भेटतात. मूठ मुद्दामच दाट ठेवलेली असते. खाली जी गोल तबकडी असते ती मनगटाला फार वाकू देत नाही. तर्जनी पुढे परजेवरून घेतली की हात तलवारीशी जखडला जातो. मग भोसकण्यापेक्षा ओढून चिरण्याचा घाव आपोआप बसतो. घोड्यावरून जाता जाता करायचा वार हाच. वाकड्या पात्याचे आणि दाट मुठीचे हे गणित एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही. सरळ पात्याच्या फिरंगीची मूठ निराळी असते, हाताला झाकणारा रुंद पिंजरा आणि खाली बाहेर आलेला दांडा, जो गरज पडली तर दुसऱ्या हाताने धरता येतो.

मग पाते उजेडात तिरपे धरायचे. चांगल्या देशी पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. मुशीत वितळवून केलेल्या पोलादाची ती ओळख. तेलंगणातले कोनासमुद्रम हे गाव अशा पोलादासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या गोळ्यांसाठी इराणपर्यंतचे व्यापारी येत. हल्ली तेजाब लावून खोटी जौहर काढतात. खरी लहर पात्याच्या पाठीवरही चालू राहते, खोटी बहुधा सपाटीवरच थांबते. त्यानंतर पाठ नीट पाहायची. पाठीवर, मुठीच्या जवळ, देवनागरी किंवा फारसी अक्षरे असू शकतात. कधी नुसत्या टोचलेल्या ठिपक्यांची ओळ असते. ती नक्षी समजून सोडून देऊ नये. आदोनीच्या लुटीतली दख्खनी शस्त्रे बिकानेरच्या जुनागड शस्त्रागारात गेली, आणि तिथल्या कारकुनांनी ठिपके ठोकूनच त्यांची नोंद पात्यांवर केली. आज जगभरच्या संग्रहांत ती शस्त्रे त्या ठिपक्यांवरून ओळखू येतात.

अक्षरांची किंमत किती, याचे ताजे उदाहरण 2025 मधले. एप्रिल महिन्यात लंडनच्या सदबीजमध्ये एक फिरंग लिलावाला निघाली. पाते सरळ, एकधारी, युरोपीय. मुठीवर सोन्याचे काम. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत मालकाचे नाव, श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले 1755 मध्ये वारले, बंगाल-ओरिसापर्यंत घोडे दौडवून. महाराष्ट्र सरकारने ती तलवार घेतली, खर्च 47 लाख 15 हजार रुपये, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती ओळ पुसलेली असती तर हीच वस्तू 'दख्खनी तलवार, अठरावे शतक' एवढ्या वर्णनाची झाली असती, आणि सरकारने तिच्यामागे धाव घेतली नसती.

खानदेशच्या माणसाने त्या बातमीत आणखी एक शब्द वाचायला हवा होता. मुठीचे वर्णन मुल्हेरी घाटाची असे दिले होते. मुल्हेर म्हणजे बागलाणातला किल्ला आणि गाव. आज तो नाशिक जिल्ह्यात सटाणा तालुक्यात मोडतो, पण 1869 मध्ये नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत बागलाण खानदेशच्याच कलेक्टरीत होते. नागपूरकर सेनासाहेबसुभ्याच्या हातातली मूठ या पट्ट्यातल्या गावाच्या नावाने ओळखली जाते, आणि आपण मात्र वाड्यातल्या तलवारीला शिवकालीन ठरवण्यात गुंग.

एवढी शस्त्रे गेली कुठे? पहिला तडाखा 1818 चा. 27 फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठच्या थाळनेरला पोचली. दिंडी दरवाजात गोंधळ झाला, आत शिरलेले मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग इंग्रजांनी आतल्या सुमारे तीनशे जणांच्या, मुख्यतः अरबांच्या, शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिली. मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी चांगलीच झुंज दिली, शेवटी तेही शरण आले. पडलेल्या किल्ल्यातली शस्त्रे विजेत्यांची. आज विलायतेतल्या एखाद्या सरदारघराण्याच्या भिंतीवर मराठी तलवार दिसते तिच्यामागे बहुधा अशीच एखादी लूट असते. पुढे 1857 च्या उठावानंतर नि:शस्त्रीकरण आले आणि 1878 मध्ये शस्त्र कायदा. परवान्याची कटकट, पोलिसांची धास्ती. कुणी भिंतीत चिणली, कुणी विहिरीत टाकली, कुणी लोहाराला दिली. चांगल्या पोलादाचा कोयता चांगलाच होतो.

सगळ्यात वाईट हकीकत मात्र तंजावरची. तिथल्या भोसल्यांचे राज्य 1855 मध्ये खालसा झाले. राजवाड्यातल्या शस्त्रागारात पिढ्यान् पिढ्यांची शस्त्रे होती, त्यांत युरोपीय पाती भरपूर. 1860 च्या दशकात सरकारने ते शस्त्रागार मोडले. निवडक नग मद्रासच्या वस्तुसंग्रहालयाला गेले आणि बाकीचा ढीग जुन्या लोखंडाच्या भावाने विकला. जगातला एक उत्तम शस्त्रसंग्रह वजनावर गेला.

बाजारात आज जे फिरते त्यातले पुष्कळ नवे आहे. राजस्थान आणि पंजाबकडून शोभेच्या तलवारी येतात, त्यांना गंज चढवला जातो, मुठीवर नाव कोरले जाते. ज्या तलवारीवर भल्या मोठ्या अक्षरांत प्रसिद्ध नाव आणि इसवी सन दोन्ही असते ती पहिल्यांदा बाजूला ठेवावी. अठराव्या शतकातला कारागीर शक किंवा हिजरी लिहील, इसवी सन कशाला लिहील? मुठीवरचे सोने-चांदीचे काम भिंगातून पाहावे. कोफ्तगिरीत आधी लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून पृष्ठभाग खरबरीत करतात आणि त्यावर तार ठोकून बसवतात. झिजलेल्या जागी त्या रेघा उघड्या दिसतात. मुलामा दिलेला असेल तर खाली गुळगुळीत लोखंड. जळगावात सोन्याची पारख करणारे सराफ पैशाला पासरी, आणि मूठ घेऊन लोक त्यांच्याकडे जातातही. सराफ सोने किती आणि कसे ते अचूक सांगेल. तलवारीच्या वयाबद्दल त्याला विचारू नये, आणि चांदीची मूठ मोडीत घालायला तर मुळीच नेऊ नये.

घरच्या प्रेमानेही तलवारींचे कमी नुकसान केलेले नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिंच, लिंबू, राख, रांगोळी घेऊन बसायचे आणि पाते आरशासारखे होईपर्यंत घासायचे. दरवर्षी. पन्नास दसऱ्यांत जौहर जाते, ठिपक्यांची ओळ जाते, कोफ्तगिरीची तार सुटते. हल्ली पॉलिशची चक्की लावून देणारेही आहेत, ते पन्नास वर्षांचे काम पाच मिनिटांत करतात. जुन्या काळी शिकलगार होते, त्यांना कुठे घासायचे आणि कुठे हात आवरायचा हे ठाऊक असे. आता साधा उपाय म्हणजे मऊ सुती कापड आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. लाल, भुसभुशीत गंज तेवढा तेलात भिजवून हलक्या हाताने काढावा. काळपट, घट्ट थराला हात लावू नये, तो तलवारीचे वय आहे. पात्याला उघड्या बोटांनी हात लावला तर घामाचे ठसे महिन्याभरात गंज होऊन उमटतात. तलवार कायम म्यानात ठेवू नये, चामडे आणि लाकूड पावसाळ्यात ओल धरतात. आणि जळगावच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नाहीच. म्यानाचे लाकूड चिरते, चामडे तडकते. पूजेला हळद-कुंकू लावायचेच असेल तर ते मुठीवरच्या फुलांना लावावे, पात्याला नको.

कायद्याचेही दोन शब्द. 1959 च्या शस्त्र कायद्यात तलवार हे शस्त्रच आहे, मग ती तीनशे वर्षांची का असेना. मनाई आदेश लागू असताना ती घेऊन मिरवले तर गुन्हा दाखल होतो. तलवारीने वाढदिवसाचा केक कापून त्याची चित्रफीत फिरवणारे आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात बसलेले तरुण आपण वर्तमानपत्रात वाचतोच. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. अमेरिकेतल्या मुलाकडे आजोबांची तलवार सामानातून पाठवण्याचा बेत असेल तर तो विमानतळावरच संपेल.

संग्राहकाने तलवारीबरोबर आणखी एक गोष्ट मागून घ्यावी, ती म्हणजे कागद. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगावचे वाडे पालथे घालत फिरले ते दप्तरांसाठी. त्यांचे निधन धुळ्यातच झाले, 31 डिसेंबर 1926 रोजी, आणि पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या घरात तलवार आहे त्या घराच्या माळ्यावर मोडीतले रुमाल असण्याची शक्यता मोठी. एखाद्या सनदेत, सरंजामाच्या यादीत, चाकरीच्या हिशेबात त्या घरच्या पूर्वजाचे नाव, घोड्यांची संख्या, कुठल्या पथकात होता हे सापडते, आणि मग पाटावरची ती तलवार कुणाच्या कमरेला होती हे निदान अंदाजाने तरी सांगता येते. व्यवहारात मात्र तलवार गिऱ्हाईकाकडे जाते आणि रुमाल रद्दीत. विकणाऱ्यालाही तेच सोयीचे, कारण कागद नसला की शिवकाल सांगायला मोकळीक मिळते.

कागद नसेल तर तो आपण करावा. वस्तू घेतली त्या दिवशी एका जाड कार्डावर गाव, घराणे, घरात तिच्याबद्दल सांगत असलेली हकीकत जशीच्या तशी, पात्याची लांबी, वजन, मूठ सैल की घट्ट, अक्षरे किंवा ठिपके कुठे, एवढे लिहावे. दोन्ही बाजूंचे आणि पाठीचे छायाचित्र काढावे. हकीकत खोटी वाटली तरी खोडू नये, शेजारी आपले मत लिहावे. गावाच्या पांढरीत नांगराला किंवा घराच्या पायात पाते लागले तर मात्र ते आपल्या कार्डाचे प्रकरण नाही. 1878 च्याच निखात निधी कायद्याने जमिनीतल्या अशा वस्तूची खबर कलेक्टरला द्यावी लागते. व्यवहारात तलाठ्यामार्फत तहसीलदाराला कळवले की ती वर जाते. तोवर पाते धुवू नये, वाकलेले असेल तर सरळ करू नये, आणि ते कोणत्या थरात, काय काय घेऊन पडले होते याचा फोटो माती उकरण्याआधी काढून ठेवावा.